निजलेल्या यंत्राला जागे करताना

पोळा झाला, बैलांच्या शिंगांचा रंग उतरू लागला, की आपल्या वर्धा जिल्ह्यात गावोगावी सणासमारंभांची लगबग सुरू होते. गणपती येतात, नवरात्र येते, कोजागरी होते, कार्तिकात काकडा सुरू होतो, आणि पुढे शाळाशाळांतून २६ जानेवारीची तयारी. अशा वेळी कोणाला तरी हटकून आठवण होते, "अरे, मंडळाचा तो जुना ॲम्प्लिफायर माळ्यावर पडला आहे ना? काढा की खाली!" मग चारजण मिळून ते धूड उतरवतात. धूळ झटकतात, कोळ्याची जाळी पुसतात, आणि उत्साहाच्या भरात कोणीतरी प्लग भिंतीत खुपसतो. प्लग खुपसण्याच्या त्या एका क्षणाबद्दल मला आज बोलायचे आहे.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. विजेच्या यंत्रावर बोलायचा माझा अधिकार काय, असे तुम्ही विचाराल, आणि विचारावेच. माझा अधिकार एवढाच, की असे एक यंत्र मी माझ्या हाताने जाळले आहे, आणि दुसरे वाचवले जात असताना शेजारी उभा राहिलो आहे.

पहिली गोष्ट आधी सांगतो. माझे आजोबा गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवीत. मंडळाने वर्गणी काढून व्हॉल्व्हचा एक ॲम्प्लिफायर घेतला होता. पुढे ट्रान्झिस्टरची हलकी यंत्रे आली, भाड्याने लाऊडस्पीकर मिळू लागले, आणि मंडळाची ती जड पेटी आमच्या घराच्या माळ्यावर गेली. वर टिनाचे छप्पर. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, तेव्हा टिनाखालच्या माळ्यावर काय भट्टी पेटत असेल, ते तुम्हाला सांगायला नको. पंधरा वर्षे ती पेटी तिथे भाजत पडली. मी एम. ए. ला होतो तेव्हा आजोबा ऐंशीच्या घरात होते. एकदा त्यांच्या मनात आले, की तो आवाज पुन्हा ऐकावा. मी पेटी उतरवली, पुसली आणि प्लग लावला. आधी घूं असा आवाज आला. मी खूष! मग तो आवाज वाढत गेला, जळका वास आला, आणि पेटीच्या तळाशी काळे डांबर वितळून ओघळू लागले. धावत जाऊन प्लग ओढला, पण ट्रान्सफॉर्मर गेला होता. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "आता थो नाही बोलन का रे?"

मी त्यांना काही उत्तर दिले नाही. मला वाटले, पेटी म्हातारी झाली होती, मेली. ती म्हातारपणाने मेली नव्हती, माझ्या घाईने मेली, हे मला फार उशिरा कळले. कसे, ते समजण्यासाठी पेटीच्या पोटात जरा डोकावायला हवे.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. इंग्लंडात फ्लेमिंग यांनी १९०४ साली पहिला साधा व्हॉल्व्ह केला. पुढे अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तारेची एक जाळी बसवली, आणि तिथून आवाज मोठा करण्याची विद्या सुरू झाली. आत एक तापणारा भाग असतो, त्यातून विद्युत्कण सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे, म्हणजे प्लेटकडे, धावतात. मधली जाळी त्यांना अडवते किंवा सोडते. शेतातला पाट आठवा. पाटाच्या तोंडाशी एक फळी असते. ती बोटभर हलवायला जोर लागत नाही, पण तेवढ्याने केवढे पाणी कमी-जास्त होते! मायक्रोफोनमधून आलेला क्षीण आवाज ही फळी हलवणारा हात, आणि प्लेटकडे धावणारा प्रवाह हे पाटाचे पाणी. मात्र या पाण्याला चढ मोठा लागतो. अशा पेटीत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो.

आपल्या देशात सभेचा आवाज दूरवर गेला, तो या व्हॉल्व्हच्या जोरावर. काँग्रेसच्या अधिवेशनांत १९३० च्या दशकात मोटवाणे यांच्या शिकागो रेडिओ या कंपनीचे लाऊडस्पीकर लागत. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा खेड्यातल्या ज्या थोड्या रेडिओंवर ते ऐकू येई, ते व्हॉल्व्हचेच होते. अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध डिसेंबर १९४७ मध्येच लागला होता, पण तो आपल्या गावापर्यंत यायला बराच काळ जायचा होता. १९५६ साली पुणे केंद्राने १५० गावांत शेतकरी श्रोत्यांची मंडळे करून एक मोठा प्रयोग केला. गावाने एकत्र बसून ऐकायचे, ऐकलेल्यावर चर्चा करायची आणि पटेल ते करून पाहायचे, अशी ती कल्पना. १९६० च्या दशकात तर बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह आपल्याकडेच तयार होऊ लागले. म्हणून ग्रामपंचायतीच्या कपाटात, शाळेच्या अडगळीत, देवळाच्या माळ्यावर ज्या पेट्या आज पडून आहेत, त्यांना मी भंगार म्हणत नाही. गावाने चार आणे, आठ आणे गोळा करून घेतलेली ती वस्तू आहे.

आता दुसरी गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी आर्वीकडच्या एका शाळेत शिक्षक आहे. त्याला गिटार वाजवण्याचा नाद. शाळेची अडगळ आवरताना नकाशांच्या गुंडाळ्यांमागे त्याला एक ॲम्प्लिफायर सापडला. गिटार वाजवणारी मंडळी अजूनही व्हॉल्व्हच्या पेटीवर जीव टाकतात, हे त्याला ठाऊक होते. जिम मार्शल यांनी लंडनमध्ये १९६२ साली गिटारसाठी व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर करायला सुरुवात केली, आणि त्या नावाच्या पेट्यांना आजही मागणी आहे. व्हॉल्व्हवर जास्त भार टाकला, की आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू दाट होत जातो. वाजवणाऱ्याला तेच हवे असते. त्याने मला आनंदाने फोन केला, "सर, व्हॉल्व्हची पेटी सापडली. प्लग लावून पाहू का?"

मी जवळजवळ ओरडलोच, "थांब!"

वर्ध्यात एक वयस्क रेडिओ मिस्त्री आहेत. सत्तरी ओलांडलेली, दुकान केव्हाच बंद केलेले. आम्ही पेटी त्यांच्याकडे नेली. त्यांनी विचारले, किती वर्षे बंद आहे? तीसेक वर्षे, असे उत्तर दिल्यावर ते हसले. म्हणाले, "सर, बारा दिवस उपाशी असलेल्या मानसाले एकदम पुरणपोळी वाढता का जी? आधी पेज द्या लागते."

हे पेज देणे म्हणजे काय, ते नीट ऐका. अशा पेटीत काच जुनी होत नाही, लोखंड जुने होत नाही. जुना होतो तो कंडेन्सर. पेटीवर जे ॲल्युमिनियमचे डबे उभे दिसतात, त्यांच्या आत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळलेला असतो, सोबत ओलसर कागद. त्या पत्र्यावर एक अतिशय बारीक साय धरलेली असते, ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची. ती साय वीज अडवून धरते, म्हणूनच कंडेन्सर काम करतो. आणि गंमत अशी, की ही साय विजेनेच धरते. यंत्र रोज चालू असले, की ती रोजच्या रोज सांधली जाते. वर्षानुवर्षे वीज मिळाली नाही, की ती झिजते, तिला भोके पडतात. उष्णतेने आतला ओलावाही आटतो. अशा स्थितीत एकदम चारशे व्होल्ट दिले, तर वीज त्या भोकांतून घुसते, कंडेन्सर तापतो, प्रसंगी फुटतो. त्याच्यामागे रेक्टिफायर व्हॉल्व्हवर भार येतो, त्याच्यामागे ट्रान्सफॉर्मरवर. आजोबांच्या पेटीचे हेच झाले. तिच्यात फ्यूज होता, पण कोणी तरी केव्हा तरी फ्यूजच्या जागी जाडशी तार गुंडाळून ठेवली होती. वितळायला हवी होती ती तार. ती शाबूत राहिली आणि ट्रान्सफॉर्मर वितळला.

तेव्हा पहिला धडा हा: पेटी उघडून, पुसून, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वीज द्यायची नाही. मिस्त्रींनी आधी तळाची पाटी काढली. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पाहिल्या. रबराचे वेष्टन हात लावताच पिठासारखे गळत होते, त्या वायरी बदलल्या. भिंतीकडे जाणारी दोन तारांची दोरी काढून अर्थिंगची तीन तारांची बसवली. फ्यूज पाहिला, आणि इथेही तीच जाड तार! ती काढून योग्य मापाचा फ्यूज घातला. मागे एक चकती असते, तिच्यावर २००, २२०, २४० असे आकडे असतात. ती आपल्या विजेच्या दाबाला जुळते का, ते पाहिले. व्हॉल्व्ह एकेक काढून त्यांचे पाय साफ केले. व्हॉल्व्हच्या काचेवर आतून एक चंदेरी डाग असतो. तो चकचकीत असला, तर आतली पोकळी शाबूत आहे. तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली. तो व्हॉल्व्ह मेला म्हणून समजावे. आमच्या पेटीतले सगळे डाग चंदेरी होते.

मग कंडेन्सर. तज्ज्ञांचे सरळ मत असे, की इतके जुने कंडेन्सर बदलूनच टाकावेत, आणि रोज वापरायच्या पेटीसाठी तेच शहाणपणाचे. पण शिक्षकाला मुलांना दाखवायचे होते, म्हणून मिस्त्रींनी ते जागे करून पाहायचे ठरवले. यात एक मेख आहे. पुष्कळांना वाटते, की मुख्य पुरवठाच हळूहळू चढवला, की काम झाले. पण रेक्टिफायर जर व्हॉल्व्हचा असेल, तर तो पुरेसा तापल्याशिवाय काही सोडतच नाही, आणि सोडतो तेव्हा बराच मोठा दाब एकदम सोडतो. म्हणून मिस्त्रींनी रेक्टिफायर काढूनच ठेवला. आमच्या कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागातून डिमरस्टॅट आणला. त्याला मिस्त्रींनी स्वतः बांधलेला डी. सी. पुरवठा जोडला, आणि कंडेन्सरच्या वाटेत दहा हजार ओहमचा एक रेझिस्टर घातला.

त्या रेझिस्टरचे काम दुहेरी. एक तर तो वीज थोडीथोडी सोडतो. दुसरे म्हणजे तोच वैद्याची नाडी होतो. त्याच्या दोन टोकांना मीटर लावला आणि दहा व्होल्ट दिसले, तर कंडेन्सरमधून एक मिलिॲम्पिअर वीज गळते आहे. साय धरू लागली, की हा आकडा आपोआप उतरतो. मिस्त्रींनी आधी पन्नास व्होल्ट दिले आणि चहा सांगितला. आकडा आधी वर होता, मग उतरला. तो स्थिर झाल्यावर शंभर, मग दीडशे. प्रत्येक पायरीवर थांबायचे, हाताने नव्हे, मीटरने विचारायचे, आणि उत्तर मिळाल्यावरच पुढे जायचे. असे दोन रविवार गेले. तीन डब्यांपैकी दोन सुधारले. तिसऱ्याचा आकडा उतरेना आणि डबा कोमट लागू लागला. मिस्त्री म्हणाले, "याच्यात आता राम नाही जी." तो बदलला, नवा घालताना अधिक-उणे टोके आणि व्होल्टचा आकडा दोनदा तपासला.

दोन व्हॉल्व्हच्या मध्ये कागद आणि मेण यांचे छोटे कंडेन्सर असतात. त्यांना सुधारण्याचा उपाय नाही. कागदाने ओल ओढलेली असते, त्यातून दाब पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर झिरपतो, आणि त्या व्हॉल्व्हची प्लेट लाल होऊन तो जळतो. ते चारही न तपासता बदलले. खर्च एका दिवसाच्या मजुरीइतकासुद्धा आला नाही.

आता पेटीला वीज द्यायची वेळ आली. तीही सरळ नाही. मध्ये शंभर वॉटचा एक बल्ब जोडायचा, मिस्त्री लोक त्याला सिरीजचा दिवा म्हणतात. हा बल्ब जुन्या पद्धतीचा, तार तापणारा हवा. एलईडी चालत नाही. पेटीत कुठे शॉर्ट असेल, तर बल्ब पूर्ण पेटतो, आणि पेटी वाचते. सगळे ठीक असेल, तर तो क्षणभर उजळून मंद होतो. व्हॉल्व्ह काढून पाहिले, बल्ब नावापुरता लाल. व्हॉल्व्ह घालून पाहिले, तो उजळला आणि उतरला. त्याआधी मिस्त्रींनी लाऊडस्पीकर जोडलेला आहे ना, हे आवर्जून पाहिले. व्हॉल्व्हची पेटी स्पीकरशिवाय जोराने चालवली, तर बाहेर जायला वाट न मिळाल्यामुळे शेवटच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब चढतो आणि तो आतून फुटू शकतो.

एक इशारा मी हात जोडून देतो. प्लग काढला म्हणजे पेटी निर्जीव झाली, असे समजू नका. कंडेन्सरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट प्लग काढल्यावरही राहू शकतात, आणि ते माणसाचा जीव घेऊ शकतात. मिस्त्री दर वेळी रेझिस्टर लावून ते उतरवीत, मीटरने खात्री करीत, आणि मगच एक हात खिशात ठेवून दुसरा हात आत घालीत. ज्याला हे माहीत नाही, त्याने पेटी बाहेरून पुसावी, आत हात घालू नये. आणि मुलांना तर उघड्या पेटीपासून दूरच बसवावे.

व्हॉल्व्ह आता मिळतात कुठे, असा प्रश्न येईल. मिळतात. गिटारवाल्यांच्या मागणीमुळे स्लोव्हाकियात, रशियात, चीनमध्ये त्यांचे कारखाने या शतकातही चालू राहिले. आमच्या पेटीतले ईएल-३४ या जातीचे व्हॉल्व्ह आजही नवे तयार होतात. व्हॉल्व्ह मिळणे सोपे आहे. मिस्त्री मिळणे कठीण आहे. सत्तरीतला तो माणूस उद्या थकला, की पन्नास व्होल्टवर चहा सांगण्याची विद्या त्याच्याबरोबर जाईल.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्याच वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, आणि हाताच्या कामातून शिकवावे हा नई तालीमचा विचार तिथून देशभर गेला. तेव्हा साधन होते टकळी आणि चरखा. त्या दोन रविवारी सातवी-आठवीची सहा मुले मिस्त्रींच्या अंगणात, ओट्यापासून चार हात दूर बसली होती. उतरणारा आकडा मिनिटामिनिटाला वहीत टिपत होती. घरी जाऊन त्यांनी त्याचा आलेख काढला. ओहमचा नियम त्यांना पुन्हा शिकवावा लागला नाही, असे त्यांचे शिक्षक मला सांगत होते. पण मला वाटते, मुले त्याहून मोठे काही शिकली. जी वीज एकदम दिली तर जाळते, तीच थोडीथोडी दिली तर सांधते. वर्गात वर्षभर गैरहजर राहिलेला मुलगा कापूस वेचणीनंतर परत येतो, तेव्हा आपण त्याच्यावर सगळा पाठ्यक्रम एकदम लादतो, आणि मग म्हणतो, याला काही येत नाही. मीही असे केले आहे. तेव्हापासून आधी पन्नास व्होल्ट देऊन थांबतो.

आर्वीकडची ती पेटी २६ जानेवारीला बोलली. आधी शिक्षकाने गिटारची एक तार छेडली, मग मुलांनी प्रार्थना म्हटली. आवाज मोठा नव्हता, उबदार होता, आणि मैदानाच्या टोकापर्यंत स्पष्ट जात होता. मिस्त्री खुर्चीवर बसून ऐकत होते. आवाज त्यांच्या कानावर होता, पण डोळे प्लेटकडे होते, लाल होते की काय म्हणून!

कार्यक्रम आटोपल्यावर मी भीत भीत त्यांना आजोबांच्या पेटीबद्दल सांगितले. ती मी टाकलेली नाही, घरात अजून आहे. ते म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर जळला ना? मंग रिवाइंड करता येते जी. बाकीचं पाहू." इतकी वर्षे मी तिला मेलेली समजत होतो. आजोबा आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला उशीर झाला. पण पेटी मिस्त्रींच्या ओट्यावर नेऊन ठेवली आहे.

तुमच्या शाळेच्या, पंचायतीच्या, देवळाच्या अडगळीत अशी पेटी असेल, तर आज एवढेच करा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: "प्लग लावू नये. आधी मिस्त्रींना दाखवावे." आणि तो कागद पेटीवर चिकटवून ठेवा. पुढचे काम सावकाश झाले तरी चालेल.